आर्टेमिसिऑनचा देव: पाटीवरचे ‘किंवा’ काढावे का?

मूर्तिवेडा (धागाकर्ता)

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात सुमारे २०९ सेंटीमीटर उंचीचा एक दाढीवाला, नग्न ब्राँझचा देव उभा आहे. त्याचा डावा हात समोर ताणलेला आहे, उजवा मागे खेचलेला आहे, उजव्या पायाची टाच उचललेली आहे. मुठीतली वस्तू पुढच्याच क्षणी सुटणार, असा एकूण पवित्रा आहे. ती वस्तू मात्र हरवली आहे. ते वज्र असेल तर हा ग्रीकांचा देवराज झ्यूस, आणि त्रिशूळ असेल तर त्याचा भाऊ, समुद्रदेव पोसायडन. पुतळा इ.स.पू. ४६०च्या सुमाराचा असून तो ग्रीसच्या युबिया बेटाच्या उत्तरेला आर्टेमिसिऑन भूशिराजवळ समुद्रात सापडला. १९२६ मध्ये एक हात वर आला आणि १९२८ मध्ये बाकीचे शरीर. संग्रहालय पाटीवर त्याची ओळख ‘झ्यूस किंवा पोसायडन’ अशी करून देते.

माझ्या मते हे ‘किंवा’ आता काढावे आणि सरळ ‘झ्यूस’ लिहावे. हा पुतळा बाजूने पाहण्यासाठी घडवलेला आहे, कारण दोन्ही हातांचा पूर्ण पसारा आणि चेहऱ्याची कड तिथूनच एकत्र दिसते. त्या मुठीत लांब दांड्याचा त्रिशूळ कल्पून पाहा: दांडा नेमका चेहऱ्याच्या बाजूने आडवा जातो आणि शिल्पकाराने सर्वांत जास्त मेहनत घेतलेला भागच कापला जातो. आखूड वज्राने ही अडचण येत नाही. शिवाय डोडोना या झ्यूसच्या ग्रीक देवस्थानात मिळालेल्या छोट्या ब्राँझ मूर्तीत झ्यूस अगदी याच पवित्र्यात वज्र फेकताना दिसतो. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज मायलोनास यांनी १९४४ मध्येच झ्यूसची बाजू सविस्तर मांडली होती. इतक्या वर्षांनंतरही निर्णय टाळणे ही मला पळवाट वाटते.

खारेवारे

पुतळा समुद्रातून मिळाला आहे, तर तो समुद्रदेवाचाच असणार, असे साध्या माणसाला वाटले तर त्यात काय चुकले?

मूर्तिवेडा

चुकले ते असे की हा पुतळा समुद्राला अर्पण केलेला नव्हता, तो बुडालेल्या जहाजातला माल होता. त्याच जहाजातून धावता घोडा आणि त्याच्यावरचा लहानगा स्वार यांचे ब्राँझही मिळाले, आणि ते या देवाहून सुमारे तीनशे वर्षांनी अलीकडचे आहे. मिळण्याच्या जागेवरून देव ठरवायचा, तर तो घोडाही जलचर मानावा लागेल.

नाणेवाला

जहाजाच्या मुद्द्याशी सहमत आहे, मूळ मताशी मात्र नाही. दक्षिण इटलीतल्या पोसायडोनिया या ग्रीक वसाहतीची नाणी पाहिलीत, तर तिथे पोसायडन एक हात पुढे करून दुसऱ्या हाताने त्रिशूळ उगारून उभा आहे, आणि नगराचे नावच त्या देवावरून पडलेले असल्याने ओळखीबद्दल शंकेला जागा नाही. म्हणजे हा पवित्रा एकट्या झ्यूसच्या मालकीचा नव्हता. चेहरा झाकला जाण्याची अडचणही आपण आजच्या छायाचित्रांवरून ठरवतो. मूळ पुतळ्याच्या रिकाम्या खोबणीत डोळे बसवलेले होते, भुवयांवर चांदी होती, ओठ तांब्याचे होते. एवढ्या रंगीत, चकाकत्या चेहऱ्यापुढे एका बारीक दांड्याची रेघ कितपत खटकली असती, हे आज कोण ठामपणे सांगणार? ग्रीक पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोस कारूझोस यांनी पुतळा सापडल्यानंतर लवकरच त्याच्यावर लिहिले, तेव्हा तो पोसायडन मानूनच लिहिले होते.

पंचगंगाकाठी

मला यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. विष्णूच्या चोवीस मूर्ती आपण ओळखतो त्या शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात आहे, एवढ्यावरूनच. आयुधांचा क्रम बदलला की केशवाचा त्रिविक्रम होतो. चारही हात कोपरापासून तुटलेली मूर्ती मिळाली, तर जाणकार माणूस पाटीवर नुसते ‘विष्णू’ लिहितो. मुकुट सुंदर आहे म्हणून ‘केशव’ लिहीत नाही. अथेन्सच्या संग्रहालयाने केले आहे ते याहून वेगळे नाही, आणि त्याला पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे.

नाव घाईने दिले की काय होते, याचा नमुना त्याच इमारतीत आहे. जर्मन उत्खनक श्लीमानने १८७६ मध्ये ग्रीसमधल्या मायसीनी येथे खणून काढलेल्या सोन्याच्या मुखवट्याला, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनानी राजा अ‍ॅगमेम्नॉन याचे नाव चिकटले. मुखवटा इ.स.पू. सोळाव्या शतकातला, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ परंपरेने मानला जातो, त्याच्या तीनएकशे वर्षे आधीचा आहे. हे अभ्यासकांना केव्हाच माहीत झाले, तरी लोक आजही ‘अ‍ॅगमेम्नॉनचा मुखवटा’ पाहायलाच जातात.

मूर्तिवेडा

मुखवट्याचे उदाहरण मान्य आहे, पण विष्णूचे इथे पूर्ण लागू पडत नाही. आपल्या चोवीस मूर्ती एकाच समभंगात, म्हणजे सरळ ताठ, उभ्या असतात, त्यामुळे आयुधांखेरीज हाती काही उरत नाही. इथे तर पवित्रा हाच अर्धा पुरावा आहे. आपल्या नावावरूनच एक प्रश्न सुचतो: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात निघालेली आणि कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात असलेली छोटी ब्राँझ मूर्ती आपण सगळे बिनदिक्कत ‘पोसायडन’ म्हणतो. तिथे ‘किंवा’ का लागत नाही?

पंचगंगाकाठी

कारण तिच्याबद्दल दुसरा दावेदार कोणी जोरात उभा केलेला नाही. उद्या कोणी केला, तर तिथेही ‘किंवा’ लावायला माझी हरकत नसेल, कोल्हापूरकरांची असेल.

नाणेवाला

बोटांबद्दल कोणीच बोलले नाही. उजव्या हाताची बोटे घट्ट आवळलेली नाहीत. वज्रवाले म्हणतात की दांडा असता तर मूठ वळलेली असती; त्रिशूळवाले म्हणतात की भाला फेकणाराही सोडण्याच्या क्षणी पकड सैल करतो. एकाच मुठीतून दोघांनी दोन देव काढले आहेत.

मूर्तिवेडा

ठीक आहे, ‘किंवा’ राहू द्या. पण मग पाटीवर मूठ, नाणी आणि डोडोनाच्या मूर्ती यांबद्दल चार ओळी तरी हव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला वाद नेमका कशावर आहे ते कळेल. आणि एक निरीक्षण नोंदवतो: दोन्ही शक्यता सारख्याच असतील, तर झ्यूसचे नाव आधी का?

नाणेवाला

थोरला भाऊ म्हणून, असे उत्तर देणार होतो. पण प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या मते झ्यूस हे सर्वांत धाकटे भावंड आहे.