तालमीच्या बालगट फुटबॉलसाठी पालकांना कामात कसे सामावून घ्यावे?

पेठेतली आई, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार. आमच्या पेठेतील तालमीच्या (म्हणजे मूळ कुस्तीचा आखाडा असलेल्या मंडळाच्या) फुटबॉल संघाने काही वर्षांपूर्वी सहा ते तेरा वयोगटातील मुलामुलींसाठी संध्याकाळचा सराव सुरू केला आणि माझी दोन्ही मुले तिथे जातात. प्रशिक्षक याच तालमीचे जुने खेळाडू आहेत. ते दिवसभर शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करतात, सुट्टी झाली की थेट मैदानावर येतात आणि एक रुपयाही न घेता मुलांना शिकवतात. अडचण अशी आहे की शिकवण्याखेरीजची सगळी कामेही त्यांच्याच अंगावर पडली आहेत. चेंडूंची जाळी तालमीतून आणणे, मैदानावर फक्की मारणे (पांढऱ्या भुकटीने रेषा आखणे), फुटलेल्या गुडघ्याला औषध लावणे, न आलेल्या मुलाच्या घरी फोन करणे आणि अंधार पडल्यावर शेवटच्या मुलाचे पालक येईपर्यंत थांबणे, हे सारे ते एकटेच करतात. अलीकडे त्यांचा चेहरा इतका ओढलेला दिसतो की हा माणूस एक दिवस हात जोडून मोकळा होईल, अशी मला भीती वाटते.

आपल्या पेठांमध्ये फुटबॉलवर प्रेम करणाऱ्यांची वानवा नाही. शाहू स्टेडियमवर तालमीचा मोठा सामना असला की दुकाने लवकर बंद होतात आणि झेंडे घेऊन सगळी गल्ली लोटते. मात्र मुलांच्या सरावाला पालक कठड्याशी उभे राहतात, मोबाइल बघतात आणि मूल घेऊन निघून जातात. मी पालकांच्या गटावर ‘कोणी मदत कराल का?’ असे विचारले, तेव्हा सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले आणि प्रत्यक्षात कोणीही आले नाही.

म्हणून जाणकारांना मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पालकांना कामाला लावण्याची चांगली पद्धत कोणती? मदत करणाऱ्यांना काही मोबदला द्यावा का? आणि मोठ्यांच्या सामन्यांमधली पेठापेठांची ईर्षा मुलांच्या मैदानापासून दूर कशी ठेवावी? मागच्या मैत्रीपूर्ण सामन्यात दहा वर्षांच्या पोरांना कडेच्या माणसांनी दिलेल्या शिव्या ऐकून माझी मुलगी घरी येऊन गप्प बसली होती.

जुना गोलकीपर, कोल्हापूर

ताई, आपण मांडलेला प्रश्न एका तालमीचा नाही. मोठ्या संघासाठी वर्गणी उभी राहते आणि बाहेरचे खेळाडूही आणले जातात, पण बालगटाला नवे चेंडू हवे असले की खजिनदार हात आखडता घेतात, हे मी जवळून पाहिले आहे. तालमीच्या कार्यकारिणीत बालगटासाठी एक जबाबदार सदस्य आणि वर्षाची ठरावीक रक्कम मंजूर करून घ्या. बाकीची घडी त्याशिवाय बसणार नाही.

पालक येत नाहीत याचे कारण अनास्था आहे, असे मला वाटत नाही. आपल्याकडे गणपतीत कोणालाही ‘मदत करा’ असे सांगावे लागत नाही, कारण वर्गणी कोणी मागायची, मांडवाचे कोणी बघायचे आणि महाप्रसादाच्या पंगतीला कोणी वाढायचे हे ज्याचे त्याला ठाऊक असते. बालगटात तशी कामे कोणी नावानिशी सांगितलेलीच नसतात. ‘मदत कराल का’ या प्रश्नाला होकार देणे सोपे असते, पण ‘येत्या गुरुवारी साडेपाच वाजता फक्की मारून चार कोपऱ्यांना झेंडे लावायला तुम्ही याल का’ असे एका माणसाला समोर उभे राहून विचारले, तर तो एक तर येतो किंवा येत नाही असे स्पष्ट सांगतो. दोन्ही उत्तरे आपल्या उपयोगाची असतात.

आमच्या गटात याची सुरुवात बिब, म्हणजे सरावात संघ ओळखू यावेत म्हणून वरून घालायच्या रंगीत बंड्या, धुण्यापासून झाली. सराव संपल्यावर घामेजलेल्या बिबांची पिशवी एका घरी जाते, धुऊन वाळवून पुढच्या सरावाला परत येते आणि मग दुसऱ्या घरी जाते. काम क्षुल्लक आहे, पण पिशवी परत द्यायला आलेली आई दहा मिनिटे थांबते, प्रशिक्षकांशी बोलते, आणि पुढच्या खेपेला हजेरीची वही स्वतःहून हातात घेते. जिला मैदानातले काही कळत नाही असे वाटत होते, अशीच एक आई आज आमच्याकडे सगळ्या मुलांची नावे, जन्मतारखा, रक्तगट आणि घरचे दोन-दोन फोन नंबर सांभाळते. सामन्याला जाताना ती वही सोबत असते.

दुसरे काम बुटांचे. मुलांचे पाय इतक्या झपाट्याने वाढतात की चांगले स्टड असलेले बूट एका हंगामात आखूड होतात, आणि मोलमजुरी करणाऱ्या घराला दर वर्षी नवी जोडी परवडत नाही. तालमीत एक लोखंडी पेटी ठेवा. आखूड झालेले बूट आणि नडगीला बांधायचे शिन पॅड तिच्यात जमा व्हावेत आणि ज्याला हवे त्याने कोणालाही न विचारता आपल्या मापाचे घेऊन जावेत. बुटाच्या जिभेवर आतून माप लिहून ठेवायचे आणि उसवलेली शिवण वेळच्या वेळी घालून घ्यायची, एवढे एका पालकाने बघितले तरी पेटी वर्षानुवर्षे चालते.

मोबदल्याबद्दल माझे मत ठाम आहे. प्रशिक्षकाला मानधन दिलेच पाहिजे, मग ते कितीही थोडे असो आणि त्यांनी कितीही नको म्हटले तरी. त्यांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी परवाना काढायचा असेल, तर त्या प्रशिक्षणाचा खर्च तालमीने उचलावा. पालकांना मात्र पैसे देऊ नयेत. प्रवासाचा किंवा बर्फाचा खर्च पावतीवर परत करावा, त्यापलीकडे काही नको. आपल्या मुलासोबत इतरांच्या मुलांसाठीही राबणारा माणूस रोजावर गेला, की पुढच्या वर्षी रोजाचीच चर्चा होते.

ईर्षेच्या बाबतीत एक उपाय सुचवतो. महासंघाने 2018 मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी गोल्डन बेबी लीग नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात लहान मैदान, कमी खेळाडू, मुलेमुली एकत्र आणि भरपूर सामने यांवर भर होता, आणि अशी लीग भरवायला मोठ्या क्लबाची गरज नव्हती. त्याच धर्तीवर दोन-तीन पेठांच्या मुलांचा एक रविवार ठरवा, पण संघ पेठेनुसार पाडू नका. चिठ्ठ्या टाकून शिवाजी पेठेतला बचावपटू आणि मंगळवार पेठेतली आघाडीची मुलगी एका संघात येऊ द्या. मग कठड्यावरच्या माणसाला शिवी द्यायची तर कोणाला द्यावी हेच कळत नाही, कारण त्याचा पुतण्या एका बाजूला असतो आणि शेजाऱ्याचा मुलगा दुसऱ्या बाजूला असतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा कोणत्याही पेठेने त्याला परका मानले नाही. ही आठवण पालकांच्या सभेत जरूर काढावी.

सागरपार, न्यू जर्सी

माझे माहेर सांगलीचे आणि आता माझी मुले इथल्या गावच्या क्लबात खेळतात, म्हणून इकडची रीत सांगते. ती जशीच्या तशी उचलावी असे माझे म्हणणे नाही, कारण इथे मैदान बहुतेक वेळा नगरपालिकेचे असते आणि घरटी एक मोटार असते.

अमेरिकेत मुलांचा फुटबॉल मुख्यतः पालकांच्या खांद्यावर उभा आहे. ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ ही संस्था 1964 मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे सुरू झाली. प्रत्येक मूल खेळलेच पाहिजे हे तिचे पहिले तत्त्व आहे, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ असा की कच्च्या मुलालाही किमान अर्धा सामना मैदानावर मिळतो. पालकाच्या वागण्यात यामुळे मोठा फरक पडतो. आपले मूल नुसते बाकावर बसणार असेल, तर आई-वडील दूर जातात. ते नक्की खेळणार आहे हे माहीत असले, की ते वेळेआधी येतात आणि जाळी बांधू लागतात. म्हणून पालक जोडण्याचा प्रश्न शेवटी प्रशिक्षक कोणाला किती खेळवतो याच्याशी येऊन भिडतो, असे माझे निरीक्षण आहे.

नोंदणीच्या अर्जातच इथे कामांची यादी असते आणि प्रत्येक घराने त्यातले एक निवडायचे असते. प्रशिक्षक, सहायक, पंच, संघाची व्यवस्था बघणारा पालक, सामन्याआधी मैदान आखणारा, मध्यंतराला संत्र्याच्या फोडी आणणारा अशी ती कामे असतात. आमच्या क्लबात ज्यांना एकही काम जमत नाही, त्यांच्याकडून थोडी अनामत रक्कम घेतात. ती पद्धत मला स्वतःला आवडत नाही, कारण दोन पाळ्यांत काम करणाऱ्या घरावर तिचा भार पडतो.

कडेच्या आरडाओरड्यासाठी इथल्या अनेक लीग हंगामात एखादा ‘शांत शनिवार’ पाळतात. त्या दिवशी पालकांनी टाळ्या वाजवायच्या, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि प्रशिक्षकांनीही सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्यांदा मला हे फार कृत्रिम वाटले होते. पण मैदान शांत झाल्यावर मुले एकमेकांना हाका मारू लागली, ‘मागे माणूस आहे’, ‘इकडे दे’ असे आपापसांत सांगू लागली, आणि इतर दिवशी आमच्या ओरडण्यात त्यांचे बोलणे बुडून जाते हे मला तेव्हा स्पष्ट दिसले. कोल्हापुरात हे एका सामन्यापुरते तरी करून पाहण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट तब्येतीची. अमेरिकन महासंघाने 2015 मध्ये दहा वर्षे आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, करायला मनाई जाहीर केली, कारण डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांबद्दल डॉक्टर आणि पालक दोघांनाही काळजी वाटत होती. आपल्या सरावात लहानग्यांना हवेतले चेंडू डोक्यावर घ्यायला लावत असतील, तर ते थांबवण्यासाठी परवानगी किंवा पैसा यांपैकी काहीच लागत नाही.

हिशेबनीस, इचलकरंजी

वरील सूचनांशी सहमत आहे. एवढीच भर घालतो की पालकांनी दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि महिन्याचा जमाखर्च तालमीच्या फळ्यावर लावावा. तालीम धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर हिशेब तपासून घेणे बंधनकारकच आहे, पण लोकांचा विश्वास बसतो तो दारातल्या फळ्यावर. चेंडू किती आणले, फक्की कितीची आली, शिल्लक काय राहिली हे दिसले की कुरकुर थांबते. बालगटाचा हिशेब मोठ्या संघाच्या हिशेबात मिसळू देऊ नका.

पेठेतली आई, कोल्हापूर

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. रविवारी तालमीत पालकांची बैठक ठेवली आहे. तिथे कामांचा तक्ता घेऊन बसणार आहे, आणि बिबांची पिशवी पहिल्यांदा माझ्याकडेच येईल. चिठ्ठ्या टाकून संघ पाडण्याची कल्पना प्रशिक्षकांना फार पटली. आता एक प्रश्न उरला आहे, जो बैठकीत मोकळेपणाने मांडायला मला जड जाते. अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की मुली गळतात. घरच्यांना विचारले तर अभ्यासाचे कारण सांगतात. आमच्या गटात एकही स्त्री प्रशिक्षक नाही आणि मैदानावर स्वच्छतागृह नाही, ही खरी कारणे असावीत असे मला वाटते.

शाळेतील क्रीडाशिक्षिका, सातारा

ताई, आपला अंदाज बरोबर आहे आणि हा विषय बैठकीत आपणच मांडायला हवा, कारण तो पुरुषांकडून मांडला जाणार नाही.

स्त्री प्रशिक्षक मिळेपर्यंत थांबू नका. सरावाच्या पूर्ण वेळेत किमान एक आई, मावशी किंवा मोठी बहीण मैदानावर हजर राहील, अशी पाळी लावा आणि त्या दिवशी कोण आहे हे मुलींना आधी सांगा. हे काम नुसते बसून राहण्याचे नाही. मुलीला बरे नसेल, पाळी आली असेल किंवा कोणाचे बोलणे-वागणे खटकले असेल, तर जिच्याकडे जाता येईल अशी बाई तिथे आहे, हे मुलींना माहीत असणे महत्त्वाचे आहे. तिच्या पिशवीत सॅनिटरी पॅड, एक जास्तीची ट्रॅकपँट आणि कागदी पिशव्या असाव्यात.

सुरक्षेचे नियम लेखी करा आणि ते मुलगे-मुली दोघांनाही लागू करा. कोणताही एकटा मोठा माणूस एकट्या मुलाला गाडीवरून सोडणार नाही, त्यासाठी दोन मोठी माणसे किंवा दोन मुले बरोबर असतील. मुलांना खासगी संदेश जाणार नाहीत, जे सांगायचे ते पालकांच्या गटावर सांगितले जाईल. फोटो टाकण्याआधी पालकांची संमती घेतली जाईल. आपले प्रशिक्षक सज्जन आहेत यात मला शंका नाही. शेवटच्या मुलासोबत अंधारात एकटे थांबण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, हे त्यांच्याही हिताचे आहे, म्हणून परतीच्या वेळी एका पालकाची पाळी पक्की लावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायदा, 2012 नुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, तालमीच्या पंचांनी ते आपसांत मिटवायचे नसते, हेही बैठकीत स्पष्ट सांगा. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

स्वच्छतागृहासाठी मैदानाजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तालमीच्या लेटरहेडवर पत्र द्या. सरावाच्या वेळेपुरते एक स्वच्छतागृह उघडे ठेवावे, किल्ली एका ठरावीक पालकाकडे राहील आणि सफाईचा खर्च तालीम देईल, असे त्यात नेमके लिहा. आमच्याकडे शाळेने आधी नकार दिला होता. किल्ली कोणाकडे असेल आणि बिघाड झाला तर कोण जबाबदार हे कागदावर आल्यावर परवानगी मिळाली. पत्र द्यायला जाताना सोबत दोन मुलींच्या आया घेऊन जा.