टेक्सासमध्ये काउन्सेलर कसा निवडायचा? एलपीसी, एलएमएफटी, असोसिएट… नक्की कोणाकडे जायचं?

फ्रिस्कोकर_एस

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो, मुलगी शाळेत जाते. गेलं वर्षभर आमच्यात बोलणं म्हणजे ग्रोसरी, मुलीचे क्लासेस आणि बिलं, बाकी काही विषय काढला की एकतर भांडण नाहीतर नवरा लॅपटॉप उघडून बसतो. शिवाय माझं मला पण बरं वाटत नाहीये, रात्री तीनला डोळे टक्क उघडे आणि सकाळी उठावंसं वाटत नाही. शेवटी परवा मीच म्हटलं की आपण कोणाकडे तरी जाऊया, तर तो चक्क हो म्हणाला, तू शोध मी येतो म्हणाला. आता शोधायला बसले तर नावापुढे एवढी अक्षरं, एलपीसी, एलपीसी असोसिएट, एलएमएफटी, एलसीएसडब्ल्यू, पीएचडी, काही कळेना. फी पण दीडशे-दोनशे डॉलर एका सेशनची. मी एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असतो तो व्हिसा) आहे, इन्शुरन्स त्याच्या कंपनीचा. मराठी नाहीतर हिंदी बोलणारंच कोणी बघू का? पुण्यातल्या एक मॅडम ऑनलाइन घेतात म्हणे, त्या चालतील का? आणि इथल्या मंडळात कोणाला कळलं तर, ही पण धाकधूक आहेच. प्लीज मनापासून सांगा.

मृण्मयी_ऑस्टिन

आधी एक, नवरा हो म्हणालाय ना, मग फार दिवस काढू नकोस गं. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एलपीसी म्हणजे लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर. काउन्सेलिंगमध्ये मास्टर्स, मग परीक्षा, मग सुपरव्हिजनखाली ३००० तास काम, त्यातले निदान १५०० तास थेट क्लायंटसोबत, तेव्हा कुठे टेक्सासमध्ये पूर्ण लायसन्स मिळतं. हे तास भरत असतात ते असोसिएट. त्यांना बिचकू नकोस, त्यांच्या डोक्यावर अनुभवी सुपरवायझर असतो, त्याचं नाव त्यांना जाहीर लिहावं लागतं आणि फी पण बरीच कमी असते. एलएमएफटीचं मूळ शिक्षणच जोडपं आणि कुटुंब यावर असतं, एलसीएसडब्ल्यू सोशल वर्कमधून आलेले, पीएचडी किंवा सायडी म्हणजे सायकॉलॉजिस्ट, ते टेस्टिंग पण करतात. यातलं कोणीही इथे औषध लिहून देत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्ट किंवा तुझा नेहमीचा डॉक्टर. (दुसऱ्या राज्यातल्यांसाठी, एलपीसीचंच लायसन्स कॅलिफोर्नियात एलपीसीसी आणि न्यूयॉर्कमध्ये एलएमएचसी, गोंधळू नका.)

नाव पसंत पडलं की टेक्सास बिहेवियरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह काउन्सिलच्या साइटवर लायसन्स शोधायचं, फुकट आहे, चालू आहे का आणि बोर्डाने कधी कारवाई केलीय का ते दिसतं. हे मी आग्रहाने सांगते कारण 'रिलेशनशिप कोच', 'लाइफ कोच' असं कोणीही लावू शकतं, त्याला लायसन्स लागत नाही आणि काही वाईट झालं तर तक्रार घ्यायला बोर्ड नसतो.

पण लायसन्स ही फक्त पहिली चाळणी. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून काम करणं हे वेगळं कसब आहे, एकेकट्या माणसाबरोबर उत्तम काम करणाऱ्याला ते जमेलच असं नाही. बरेच जण पंधरा मिनिटं फोनवर फुकट बोलतात, त्यात सरळ विचारायचं की तुमच्याकडे जोडपी किती येतात, कुठल्या पद्धतीने काम करता, गॉटमन का ईएफटी (जोडप्यांसाठीच्या दोन नावाजलेल्या पद्धती), आणि त्याचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय का. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा नंबर लाव. अजून एक विचारून घे, आमच्यातल्या एकाने तुम्हाला वेगळं काही सांगितलं तर ते दुसऱ्यापासून लपवता का? प्रत्येकाचा यावर नियम असतो, तो पहिल्याच दिवशी माहीत असलेला बरा.

आणि तुझ्या झोपेचं वेगळं बघ. डॉक्टरकडे जा, थायरॉइड, बी-१२, डी तपासून घे, ते डिप्रेशन तपासायचा नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ फॉर्म पण भरून घेतील. दोघांच्या सेशनमध्ये तुझं डिप्रेशन कोपऱ्यात पडून राहायला नको. जगणंच नकोसं वाटतंय असं कधी झालं तर ९८८ या हेल्पलाइनला कॉल किंवा टेक्स्ट, रात्री तीनला सुद्धा कोणीतरी असतं तिथे.

केतन_केटी

पैशाचं मी सांगतो. नवऱ्याला म्हणावं आधी कंपनीचं ईएपी (कर्मचाऱ्यांना मदत म्हणून असलेली काउन्सेलिंगची सोय) बघ, बहुतेक मोठ्या कंपन्यांत काही सेशन्स फुकट असतात आणि घरच्यांना पण चालतात, कोण गेलं हे मॅनेजरला कळत नाही. इन्शुरन्सचं म्हणाल तर गोची अशी की त्यांना कोणाचं तरी निदान लागतं, डिप्रेशन, एन्झायटी वगैरे, नुसतं 'नवरा-बायकोत पटत नाही' याचा कोड झेड-६३.० आहे आणि त्यावर बहुतेक प्लॅन पैसे देत नाहीत. म्हणून कितीतरी कपल्स काउन्सेलर इन्शुरन्स घेतच नाहीत. तुमच्या एकटीच्या सेशन्सचं मात्र इन्शुरन्समध्ये बसू शकतं, काउन्सेलर आउट ऑफ नेटवर्क म्हणजे इन्शुरन्सच्या यादीत नसेल तर सुपरबिल (क्लेमसाठीचं तपशीलवार बिल) मागून क्लेम टाकता येतो. खिशातून भरणार असाल तर गुड फेथ एस्टिमेट म्हणजे खर्चाचा अंदाज लेखी मागा, २०२२ पासून ते द्यावंच लागतं, आणि बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त आलं तर दाद मागता येते. आणि स्लायडिंग स्केल (उत्पन्नाप्रमाणे कमी फी) आहे का हे विचारायला लाजू नका हो, आपली माणसं भाजीला घासाघीस करतील पण इथे गप्प बसतात.

आरती_प्लेनो

भाषेबद्दल. आम्ही गेलो त्या बाई गोऱ्या होत्या, मराठीचा म नाही. सासूबाई सहा महिने येऊन राहतात म्हटल्यावर त्या 'त्यांना नाही म्हणा' असं म्हणाल्या असत्या तर मी उठून आले असते, पण त्यांनी विचारलं की या काळात तुमच्या घरात निर्णय कोण घेतं आणि तुम्हाला काय हवं असतं. मला तिथेच विश्वास बसला. त्यामुळे देशीच हवं असं नाही, आपल्या घराबद्दल कुतूहल असलेलं माणूस हवं. पण रडताना तोंडून मराठीच येत असेल तर मराठी किंवा हिंदीवालं शोधा, काउन्सेलर शोधायच्या ऑनलाइन डिरेक्टरीत भाषेचा फिल्टर असतो.

मंडळाची काळजी नको. गुप्तता त्यांना कायद्याने पाळावी लागते, अपवाद म्हणजे जिवाला धोका, मुलांचा किंवा म्हाताऱ्यांचा छळ, कोर्टाचा आदेश असे मोजके, ते पहिल्याच फॉर्मवर लिहिलेले असतात. फक्त जी व्यक्ती गणपतीत भेटते तिलाच काउन्सेलर करू नका, चांगली असेल तर ती स्वतःच नाही म्हणेल.

सुखदा_एम

एक विचारते, राग मानू नकोस. त्याची भीती वाटते का तुला? हात उगारणं, फोन तपासणं, पैसे किंवा व्हिसाची धमकी, यातलं काही असेल तर दोघांनी एकत्र काउन्सेलिंगला जायचं नाही. तिथे खरं बोललीस तर घरी आल्यावर त्याची किंमत तुलाच मोजावी लागते. मग आधी एकटीने जा. डॅलसकडे चेतना आणि ह्यूस्टनला दया या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, घरगुती हिंसेसाठीची नॅशनल हॉटलाइन १-८००-७९९-७२३३. आणि इन्शुरन्स त्याच्या नावावर असेल तर तुझ्या व्हिजिटचा ईओबी (कशाचे किती पैसे दिले तो इन्शुरन्सचा) कागद त्याच्याकडे जातो हे लक्षात ठेव. धोका असेल तर तो वेगळ्या पत्त्यावर पाठवा असं इन्शुरन्स कंपनीला सांगता येतं.

फ्रिस्कोकर_एस

सुखदा, राग कसला, विचारलंस ते बरं वाटलं. नाही, भीती नाही, तो गप्प होतो एवढंच. त्याला ईएपीचं सांगितलं, उद्या बघतो म्हणाला. डॉक्टरची अपॉइंटमेंट पण घेतली. पुण्याच्या मॅडमचं राहिलं, आणि मैत्रीण म्हणते काउन्सेलिंग घेतलं की ग्रीन कार्डला अडचण येते?

मृण्मयी_ऑस्टिन

छान केलंस. पुण्याच्या मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी तू बसलीयेस टेक्सासमध्ये, म्हणजे लायसन्स टेक्सासचं हवं, नियम क्लायंट कुठे आहे त्यावर चालतो. म्हणून तर तू सुट्टीत पुण्याला गेलीस की इथली काउन्सेलर ऑनलाइन सेशन घ्यायला कां-कूं करेल, निघायच्या आधीच विचारून ठेव. ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये बघतात ते मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं आहे का ते, नुसतं काउन्सेलिंग घेतलं म्हणून कोणाला नाकारत नाहीत. तरी मनात किंतु असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाक. आणि पहिल्याच माणसाशी सूर जुळला नाही तर दोन-तीन सेशननंतर सरळ सांगून बदल, त्यांना वाईट वाटत नाही, उलट दुसरं नाव सुचवतात.