नागपूर विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलात राहिलेल्यांनो, या, लिहा

काल लेकीच्या अ‍ॅडमिशनच्या कामाने अमरावती रोडला गेली होती. लॉ कॉलेज चौकातून वळलो आणि कुठल्यातरी घराच्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास आला, मी तिथेच थांबली. ९१ ते ९३, एमए करताना मी मुलींच्या जुन्या हॉस्टेलला होती. विद्यापीठ १९२३ चं, किती पोरी त्या पायऱ्या चढल्या असतील. पेपरच्या दिवसांत पारा ४५ ला, पंखा गरम हवा फेकायचा. आम्ही चौघी चादरी बादलीत बुचकळून खिडकीला टांगायचो, अर्ध्या तासात कडक वाळायच्या की परत बुचकळा. खाली जिथे पाणी ठिबकायचं तिथेच फरशीवर पोटावर पडून अभ्यास. वहीवर थेंब पडून शाई पसरलेली पानं अजून जपून ठेवलीत. आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिली. तुम्ही राहिल्या असाल तर लिहा, आई-मावशी राहिल्या असतील तरी लिहा.

यवतमाळकर: एसटीडी, म्हणजे बूथवरून बाहेरगावी फोन!! रात्री ११ नंतर स्वस्त, आणि आमचं गेट ७ ला बंद. मग भरदुपारी पूर्ण भावात. मशीनवरचे आकडे पळायचे, "बरी आहे, मनीऑर्डर मिळाली, ठेवते" एवढंच. बाबा तिकडे शेजाऱ्यांच्या फोनजवळ तासभर बसून राहायचे हे नंतर कळलं.

चिऊची_आई: माझी आई ८० साली होती. अमरावती विद्यापीठ ८३ ला वेगळं झालं, त्याआधी अकोला-बुलढाण्याच्या पोरीसुद्धा नागपूरच्याच. आईची रूममेट अकोल्याची, मागच्या वर्षी गेली ती. तिने शिवलेली गोधडी आई अजून कोणाला धुवायला देत नाही.

यवतमाळकर: अरेरे. काकूंना सांभाळा ग.

पोहेवाला: गोकुळपेठेत सकाळी तर्री पोहा आता कुठे चांगला मिळतो?

चिऊची_आई: दादा, हॉस्टेलचं चाललंय इथे 😄 पण मार्केटच्या बाजूला बघा.

गडचिरोलीवाली: मी २००४ ला आली. गोंडवाना विद्यापीठ २०११ चं, आमच्या वेळी बसमध्ये बसा आणि नागपूर. पहिले आठ दिवस नुसती रडून राहिली होती. मेसच्या मावशी काही विचारायच्या नाहीत, जवळ बसवून मटार सोलायला द्यायच्या आणि ताटात वांगं सोडलं की गुपचूप गुळाचा खडा ठेवायच्या. माय, त्या मावशींचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटते.

भंडाऱ्याचा_भाऊ: मी डबा घेऊन यायचो ताईसाठी. गेटच्या आत सोडायचे नाहीत, चौकीदार काका वहीत लिहून घ्यायचे, नाव, गाव, नातं. लाडू मात्र ताईपर्यंत दोनच पोचायचे, बाकी अख्ख्या मजल्याचे.

यवतमाळकर: बरोबरच आहे, डबा एकटीचा नसतोच.

धागा काढणारी: गडचिरोलीवाली, तुमच्या वेळी मागे कडुनिंबाला बांधलेली कपडे वाळवायची तार होती का?

गडचिरोलीवाली: होती ना ताई! त्याच्याच खिळ्यात माझी नवी ओढणी फाटली.