मज्जातंतूला इजा झाल्यावर तिथेच तयार होणारे प्रोजेस्टेरोन : एक विसंगती उलगडण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील सेमिनारसाठी मी चेतासंस्थेतील स्टेरॉइडनिर्मिती हा विषय घेतला आहे. वाचताना एका ठिकाणी अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

एतियेन-एमिल बोल्यो यांच्या पॅरिसमधील गटाने १९८१ मध्ये दाखवले की, उंदरांच्या मेंदूत डीएचईए-सल्फेट या स्टेरॉइडचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा जास्त असते आणि वृषणे व अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या तरी ते टिकून राहते, म्हणजे मेंदू ते स्वतःच बनवत असावा. पुढे १९९५ मध्ये नर उंदरांच्या सायटिक मज्जातंतूला अतिथंड स्पर्शाने इजा करून प्रयोग झाला. ट्रायलोस्टेनने प्रोजेस्टेरोनची निर्मिती रोखली किंवा आरयू-४८६ ने त्याचा परिणाम अडवला, की पुन्हा वाढणाऱ्या अॅक्सॉनभोवती (चेतापेशीच्या लांब तंतूभोवती) मायलिनचे वेष्टण नीट चढत नव्हते. उलट त्या जागी प्रोजेस्टेरोन दिले, तर ते अधिक चढत होते. हा प्रयोग मला फार सुंदर वाटतो, कारण मायलिन तयार करणाऱ्या श्वान पेशींनी जागेवरच बनवलेल्या संप्रेरकाला त्यात खरे काम मिळालेले दिसते.

अडचण यापुढची आहे. कोलेस्टेरॉल मायटोकाँड्रियात पोहोचवण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो, ते टीएसपीओ प्रथिन इजेनंतर मज्जातंतूत वाढते आणि पुनर्वाढ पूर्ण होताना पूर्वपदावर येते. मात्र कोलेस्टेरॉलपासून तिथे बनणाऱ्या प्रेग्नेनोलोनचे प्रोजेस्टेरोन करणारे ३-बीटा-एचएसडी हे विकर अॅक्सॉन तुटल्यावर श्वान पेशींत घटते आणि अॅक्सॉन परतू लागले की पुन्हा वाढते, म्हणजे त्याला चेतापेशीकडून येणारा संकेत लागतो. मग कच्चा माल आत घेण्याची तयारी वाढलेली असताना पुढची पायरीच मंदावलेली असेल, तर मधल्या काळात श्वान पेशी नेमके काय तयार करतात? प्रेग्नेनोलोन तसेच साठते का? की वाढलेल्या टीएसपीओचा बराचसा भाग इजेच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज या भक्षक प्रतिकारपेशींमधला आहे आणि स्टेरॉइडनिर्मितीशी त्याचा संबंधच थोडा आहे? टीएसपीओचे जनुक काढलेले उंदीरही स्टेरॉइड बनवतात, असे २०१४ मध्ये दिसल्यापासून ही दुसरी शक्यता मला अधिक पटते.

हे उपचारासाठी विचारत नाही. डोक्याला मध्यम ते गंभीर इजा झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत प्रोजेस्टेरोनचा लाभ दिसला नव्हता, हे मला ठाऊक आहे.

इजेनंतरच्या वेगवेगळ्या दिवशी मज्जातंतूतील प्रेग्नेनोलोन आणि प्रोजेस्टेरोन दोन्ही एकत्र मोजलेले काम कुणाच्या वाचनात असल्यास कृपया सांगावे. श्वान पेशी आणि मॅक्रोफेज वेगळे करून मोजमाप केलेले असेल, तर माझा प्रश्न बहुधा त्यातूनच सुटेल.