फीडला ‘सबस्क्राइब’ करणे : मराठीत काय म्हणावे?

प्रश्नकर्ता :
एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचा मजकूर मी मराठीत आणत आहे. नवी पुस्तके दाखल झाली की तेथील आरएसएस फीडमध्ये, म्हणजे संकेतस्थळावरील नव्या मजकुराच्या यादीत, त्यांची नोंद आपोआप होते. फीडच्या नारिंगी खुणेशेजारी मी ‘वर्गणीदार व्हा’ असे लिहिले, तर दुसऱ्याच दिवशी एका ज्येष्ठ वाचकांनी दूरध्वनी करून वर्गणी किती आणि ती कोठे भरायची, असे विचारले. चूक त्यांची नव्हती. ‘अनुसरण करा’ मला ओढूनताणून आणलेले वाटते. आपण काय लिहाल? आणि फीड नकोसा झाल्यावर करायच्या क्रियेला काय म्हणाल?

प्रतिसाद १ :
वर्गणी म्हटली की पैसा आलाच, मग ती मासिकाची असो की गणपतीची. फीडला पैसा लागत नाही आणि नावही नोंदवावे लागत नाही, म्हणून ‘ग्राहक’ आणि ‘सदस्य’ हे शब्दही बाद होतात. मी ‘रतीब’ सुचवते. माझी आजी गावाला जाण्याआधी दूधवाल्याला ‘चार दिवस रतीब बंद’ असे सांगत असे आणि परतल्यावर तोच रतीब पुन्हा सुरू होत असे. शिवाय घोड्याच्या रोजच्या ठरलेल्या खुराकालाही रतीबच म्हणत, आणि इंग्रजीतल्या ‘फीड’चाही एक अर्थ जनावरांचे खाद्य असाच आहे. इतका चपखल जोड क्वचित सापडतो.

प्रतिसाद २ :
रतीब हा शब्द अरबीतून आलेला आहे. नवी वस्तू येते तेव्हाच आपला शब्द घडवण्याची संधी असते. ती दवडून आणखी एक उसना शब्द कशाला पुढे करायचा? सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ आज कोणालाही खटकत नाहीत. ‘वार्ताधारा’ म्हणावे आणि ती ‘जोडावी’.

प्रतिसाद ३ :
‘वर्गणीदार’मधला ‘दार’ फारसी आहे, तरी तो शब्द कोणी परका मानत नाही. माझी हरकत वेगळी आहे. रतिबात दूधवाला दारी येतो. फीडमध्ये संकेतस्थळ नव्या नोंदींची एक (एक्सएमएल) फाइल ठेवून स्वस्थ असते आणि आपले रीडर, म्हणजे फीड वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, ठरावीक वेळाने तेथे जाऊन ती बदलली का, हे पाहते. 1 जुलै 2013 रोजी गूगल रीडर हे असेच एक रीडर बंद झाले, तेव्हा मी माझ्या साऱ्या फीडची यादी एका (ओपीएमएल) फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या रीडरमध्ये नेले आणि त्या संकेतस्थळांना त्यासाठी काहीही कळवावे लागले नाही. येथे दूधवाला तोच राहतो, फक्त आपले भांडे बदलते. त्यातून ‘लेखांचा रतीब घालणे’ हा आज दोषारोप आहे. माझ्या मते नामाच्या शोधात पडूच नये, कारण क्रियापद आपल्याकडे आहे. आपण पेपर लावतो, डबा लावतो, शिकवणी लावतो; तसा ‘फीड लावा’.

प्रतिसाद १ :
दोष रतीब घालणाऱ्याला लागतो, लावणाऱ्याला नव्हे. आणि आपण सकाळी रीडर उघडतो तेव्हा नवे लेख समोर मांडलेले असतात. आत कोण कोणाकडे गेले, हे वाचकाने का पाहावे? ‘लावा’ मला पूर्ण मान्य आहे, पण मग ‘रतीब लावा’ म्हणण्यास काय हरकत आहे?

प्रतिसाद ४ :
लेखनाविषयी एक सूचना : ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, तसेच ‘रतीब’चे ‘रतिबाला’ होईल, संकेतस्थळावर दीर्घ ती जाऊ नये. मात्र आमच्या घरी रतीब म्हणतच नसत, ‘दुधाचा वरवा’ म्हणत. वरवा लावला, वरवा मोडला, हे मी लहानपणापासून ऐकले आहे.

प्रतिसाद २ :
‘वरवा’चा संबंध दिवस या अर्थाच्या ‘वार’शी असेल का? तसा तो निघाला, तर मी ‘वार्ताधारा’ मागे घेईन. आपल्या भागात हा शब्द केवळ दुधापुरता होता, की भाजी, फुले यांनाही वापरत?

प्रतिसाद ४ :
फुलपुडीलाही वापरलेला ऐकला आहे. भाजीबद्दल आईला विचारून सांगतो.