कागदांमुळे मुलाची थेरपी अडकली, तुम्ही फाइल कशी ठेवता?

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा, व्हीलचेअर वापरतो. थेरपीच्या मंजुरीचं नूतनीकरण करताना डॉक्टरांचा अहवाल जुना निघाला आणि दीड महिना थेरपी बंद. कागद घरात तीन ठिकाणी पडलेत. तुम्ही कसं सांभाळता?

उत्तर: ताई, बहिणीचं सगळं मीच बघते, बारा वर्षं झाली. एकच फाइल ठेवा. सगळ्यात वर एक कागद, त्यावर कुठल्या दाखल्याची मुदत कधी संपते ते. तीन महिने आधीच डॉक्टरांची वेळ घ्या, अहवाल हातात यायलाच वेळ जातो. त्यात नुसतं निदान नको; रोज काय जमत नाही, किती मदत लागते, तेही लिहून घ्या. मूळ कागद देऊन टाकू नका. प्रत द्या, पोच घ्या. ‘अर्ज मिळालाच नाही’ असं आम्हाला सांगितलं तेव्हा त्या पोचेनेच वाचवलं. फोनचीही नोंद करते: तारीख, कोण बोललं, काय ठरलं.

उत्तर: नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे ना बघा. आमचा अर्ज एका अक्षरावरून परत आला.

प्रश्नकर्ती: पोच मागायचं कधी सुचलंच नाही! जुने अहवाल टाकून देऊ का?

उत्तर: अजिबात नको. वेगळ्या पाकिटात ठेवा, फेरतपासणीला मागतात.