घरच्या मिक्सिंगला नॉबांची पेटी कशाला?

खर्जातला_सा
सहा महिन्यांपूर्वी मिक्सिंगसाठी (गाण्यातले सगळे आवाज एकमेकांत जुळवायचं काम) सॉफ्ट्यूब कंपनीचा कन्सोल १ सेकंडहँड घेतला. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो म्हणून आधीच सांगतो: या पेटीतून आवाज जात नाही. पेटी म्हणजे नुसते नॉब आणि बटणं, यूएसबीने जोडलेली. काम करतं ते कॉम्प्युटरमधलं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), एसएसएल ४००० ई या स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनलची नक्कल. गेट (मधल्या शांत जागा बंद करतं), इक्यू (खर्ज-तार पट्ट्या कमी-जास्त करतं), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरतो), शेवटी ड्राइव्ह (आवाजाला थोडा खरखरीत रंग देतो).

माउस हातात असताना मी इक्यू बघायचो, ऐकायचो नाही. ढोलकीचा घुमारा गाण्याच्या अंगावर येत होता. २०० हर्ट्झला ३ डीबी कापले, स्क्रीनवरची रेघ छान वाकली, मीही खूश. परवा तेच गाणं उघडलं. एक हात गेनवर (किती कापायचं), दुसरा फ्रिक्वेन्सीवर (कुठे कापायचं), दोन्ही एकदम फिरवले. गडबड १४० च्या आसपास होती. माउसला हात एकच असतो हो.

ठेकेदार
कन्सोल १ चा आलेख स्क्रीनवर येतोच की. मग डोळे कुठे सुटले?

आणि तुमची खोली केवढी? माझी १० बाय ११. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. खुर्ची थोडी मागे सरकवली की ढोलकी वेगळी ऐकू येते. अशा खोलीत नॉब चांदीचा असला तरी निर्णय चुकणारच. तेवढ्या पैशांत कोपऱ्यांत रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) जाड पॅनल बसवा.

नकलेचंही तेच. ४००० ई चं कौतुक कशाचं होतं? प्रत्येक चॅनलला स्वतःचा कॉम्प्रेसर आणि गेट, शिवाय सगळ्या सेटिंगची कॉम्प्युटरवर नोंद. (नॉब परत जागेवर फिरवायला मात्र असिस्टंट लागायचा, बिचारा!) आज हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आयतं मिळतं. उरला तो ड्राइव्हचा रंग, तो माउसनेही येतो.

खर्जातला_सा
आलेख बंद करायचं बटण पेटीवरच आहे. मी बंदच ठेवतो. खोलीचं मान्य, पॅनल आधीच लावलेत.

मधली_सुट्टी
मी दोघांच्या मधला. आधी साधा मिडी कंट्रोलर (कुठल्याही सॉफ्टवेअरला आकडे पाठवणारी नॉबांची पट्टी) घेतला होता, आठ नॉब. साध्या मिडीत ० ते १२७, म्हणजे १२८ पायऱ्या. २० ते २०,००० हर्ट्झ त्यात बसवले की एक पायरी जवळपास अर्ध्या स्वराची होते. एवढं चालवून घेतलं असतं. पण दर प्लगइनला नॉबांचं काम बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी पाचवा नॉब कशाचा ते मलाच आठवेना. त्यावर चिकटपट्ट्या लावून झाल्या, शेवटी कंट्रोलर माळ्यावर गेला.

कन्सोल १ किंवा एसएसएलची तसलीच पेटी, यूसी १, घ्यायचं खरं कारण हे आहे: लो-मिडचा (खर्जाच्या जरा वरच्या पट्टीचा) नॉब कायम त्याच जागी. हार्मोनियमवाल्यासारखी बोटं आपोआप पोचतात. पण मग मुख्यतः त्या कंपनीला चालतील तीच प्लगइनं वापरायची. माझा आवडता कॉम्प्रेसर दुसऱ्याच कंपनीचा, त्यामुळे त्याच्यासाठी पुन्हा माउसच. हे विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही.

ठेकेदार
सोय म्हणत असाल तर वाद नाही. मिक्स सुधारतो म्हणता तिथे अडतं. एकच गाणं दोन्ही पद्धतींनी करून, कुठलं कशाने केलंय ते न सांगता कोणाला तरी ऐकवलंत का?

खर्जातला_सा
ऐकवलं. बायकोला फरक कळला नाही. पण माउसने पावणेदोन तास लागले आणि पेटीने चाळीस मिनिटं.

ठेकेदार
आधी कुठलं केलं होतंत?

खर्जातला_सा
...माउसवालं.

ठेकेदार
😀 मग पुढच्या गाण्याला उलट करा.